दोघी बहिणी आणि १,७३२ सेंटिमॉर्गन : घरच्या डीएनए टेस्टमधून उलगडलेलं एक प्रकरण

हे प्रकरण दोन बहिणींचं आहे. नावं नकोत, थोरली आणि धाकटी एवढंच म्हणते. दोघी चाळिशी ओलांडलेल्या, मध्ये चार वर्षांचं अंतर, वडील वारलेत, आई आहे, आणि वडिलांची सख्खी बहीण म्हणजे आत्या पण आहे. दोघींनी आणि आईने लिहायला हो म्हटलंय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, आकडे किंचित इकडेतिकडे केलेत पण हिशोब तोच आहे. मला असले रिझल्ट वाचायची सवय आहे, ओळखीतले लोक घेऊन येतात, धाकटी तशीच आली होती.

सविस्तर लिहितेय कारण अशा वेळी लोक स्क्रीनवरचा एक शब्द बघतात आणि पाच मिनिटांत आईला फोन लावतात. इथे तसं झालं नाही, आणि त्यामुळे जे निघालं ते बरोबरही निघालं आणि ज्याचं होतं त्याच्याकडेच आधी गेलं.

सुरुवात कशी झाली

धाकटीला पूर्वजांचं वेड. घराण्याचं झाड तिने बरंच मागेपर्यंत नेलं होतं आणि आता डीएनएने त्यात काही भर पडते का ते बघायचं होतं. थोरलीला यात काडीचाही इंटरेस्ट नव्हता, पण बहीण मागे लागली म्हणून तिनेही नळीत थुंकून दिलं. दोघींनी एकाच टेबलावर बसून एकाच संध्याकाळी किट भरली, हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

रिझल्ट आले तेव्हा धाकटीने आधी काय बघितलं तर टक्के, म्हणजे कुठल्या प्रदेशातले पूर्वज किती वगैरे. थोरलीच्या रिपोर्टमध्ये एका प्रदेशाचे १४ टक्के दिसत होते, धाकटीच्यात तो प्रदेशच नव्हता. झालं, तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला की आपण वेगळ्या आहोत, घरात कुणासारखी दिसत नाही असं लहानपणापासून ऐकत आलोय ते याचमुळे. माझ्याकडे आली ती ही शंका घेऊनच, "मी बाबांची नाहीये का?"

तिला मी आधी हेच सांगितलं की टक्के बाजूला ठेव. ही टेस्ट आपल्या सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी साधारण सहा-सात लाख जागाच वाचते, आणि टक्के काढताना त्या जागांची तुलना कंपनीकडे असलेल्या नमुना-लोकांशी होते, म्हणजे ज्यांचे पूर्वज अनेक पिढ्या एकाच भागात राहिलेत अशा आजच्या लोकांशी. त्या नमुन्यात जो भाग नीट आलेला नाही त्याचे टक्के शेजारच्या भागाच्या नावावर जातात. कंपनीने नमुना वाढवला की तुमचे टक्के बदलतात, तुमचा डीएनए तोच असतो. आणि सख्ख्या बहिणींचे टक्के वेगळे येणं अगदी नॉर्मल आहे. प्रत्येकीला आईकडून अर्धा आणि वडिलांकडून अर्धा डीएनए मिळतो, पण कुठला अर्धा ते दर मुलाला वेगळं, पत्ते दर डावाला नव्याने पिसून वाटावेत तसं. त्यामुळे आजोबांकडून आलेला एखादा तुकडा एकीला मिळतो, दुसरीला नाही. तेवढ्यावरून बाप ठरवणं हा अन्यायच आहे.

पण मग मी मॅचची यादी उघडायला सांगितली, आणि तिथे प्रश्न खरा निघाला.

तो आकडा

दोन माणसांमध्ये डीएनएचे किती तुकडे सारखे आहेत हे सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. आईबाप आणि मूल यांच्यात साधारण ३,४८५, सख्ख्या भावंडांत सरासरी २,६१३, सख्खे चुलत-मावस-आते-मामे भावंड असेल तर ८६६ च्या आसपास. हे आकडे ब्लेन बेटिंगर यांनी हजारो लोकांकडून माहिती गोळा करून केलेल्या तक्त्यातले आहेत, त्याची चौथी आवृत्ती २०२० ची. वंशावळीचं काम करणारे सगळे तो उघडूनच बसतात.

दोघी बहिणींमध्ये होते १,७३२.

कंपनीने त्याला नाव दिलं होतं "जवळचं कुटुंब". इतकं मोघम नाव कंपन्या मुद्दाम देतात, आणि एका अर्थी बरोबर आहे, कारण १,७३२ च्या आसपास बरीच नाती बसतात. एकच पालक सामाईक असलेली भावंडं (सरासरी १,७५९), आत्या किंवा मावशी आणि भाची, आजी आणि नात, ही सगळी याच पट्ट्यात येतात. शिवाय हा पट्टा रुंद आहे. त्याच तक्त्यात सख्ख्या भावंडांचा सगळ्यात कमी नोंदवलेला आकडा १,६१३ आहे, म्हणजे १,७३२ बघून "सख्ख्या नाहीतच" असं थेट म्हणताही येत नाही (इतक्या खालच्या नोंदींत लोकांनी नातं चुकीचं कळवलेलं असण्याची शक्यता बरीच असली तरी). धाकटी नेमकी इथेच रडायला लागली आणि मी तिला म्हटलं की थांब, अजून काहीही सिद्ध झालेलं नाही.

मग आम्ही थोरलीला बोलावून घेतलं. हे आधीच करायला हवं होतं असं मला वाटत होतं, कारण आकडा दोघींचा आहे, एकीचा नाही. थोरली आली, तिने ऐकून घेतलं, बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "मला जे काय असेल ते माहीत करून घ्यायचंय, पण आईला आत्ता काही विचारायचं नाही, आणि जे कळेल ते मला मेसेजवर पाठवायचं नाही." त्यावर तिघींचं ठरलं की कुठलाही नवा रिझल्ट दोघी एकत्र बसूनच उघडतील, कुणीतरी आधी बघून घेणार नाही. मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात शहाणा निर्णय होता आणि तो थोरलीचा होता.

आईकडून की वडिलांकडून

पुढचं काम होतं कच्च्या डेटाचं. टेस्ट केलेल्या कंपनीकडून डीएनएची फाइल डाउनलोड करता येते आणि जीईडीमॅच नावाच्या साइटवर टाकून तुकड्या-तुकड्याने तुलना करता येते. ही साइट २०१० पासून आहे, आणि एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'गोल्डन स्टेट किलर' या खुनांच्या जुन्या प्रकरणात जोसेफ डीअँजेलोपर्यंत पोलीस पोचले त्यात या डेटाबेसमधल्या लांबच्या नातेवाइकांचाही उपयोग झाला, तेव्हापासून ती सगळ्यांना माहीत झाली. मे २०१९ पासून तिथे पोलिसांच्या शोधासाठी आपली फाइल उपलब्ध ठेवायची की नाही हे आपल्याला निवडता येतं. दोघींनी नाही निवडलं. फाइल टाकण्याआधी हे त्यांना नीट समजावून सांगितलं होतं, कारण तुमच्या फाइलमध्ये तुमच्या न विचारलेल्या चुलत्या-मामांचाही डीएनए असतो.

तिथे दोन गोष्टी बघितल्या. पहिली म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखे असलेले तुकडे. सख्ख्या बहिणींना आई आणि वडील दोन्ही सामाईक, त्यामुळे साधारण एक चतुर्थांश भागात दोघींना आईकडूनही तोच तुकडा आणि वडिलांकडूनही तोच तुकडा मिळालेला असतो. एकच पालक सामाईक असेल तर असे लांब पट्टे दिसत नाहीत. इथे एकही नव्हता. म्हणजे सख्ख्या बहिणी ही शक्यता संपली, आणि १,७३२ हा कमी आलेला पण सख्खाच आकडा असेल ही जी थोडी आशा धाकटीने धरून ठेवली होती ती पण संपली.

दुसरी गोष्ट एक्स क्रोमोसोमची. वडिलांकडे एक्स एकच असतो आणि तो मुलीला जवळजवळ जसाच्या तसा जातो, त्यामुळे एकाच बापाच्या दोन मुली, त्यांच्या आया वेगवेगळ्या असल्या तरी, एक्सच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जुळल्याच पाहिजेत. या दोघींचा एक्स तीन तुकड्यांत जुळत होता आणि मध्ये मोठी गॅप होती. म्हणजे वडील वेगळे, आई तीच.

आई तीच याला आणखी एक आधार मिळाला. मामाची मुलगी आधीच त्या डेटाबेसमध्ये होती आणि ती धाकटीशी ८४० आणि थोरलीशी ९१२ ने जुळत होती. दोघींची मामेबहीण दोघींनाही सख्ख्या मामेबहिणीइतकीच जुळतेय, म्हणजे ती बाजू पक्की. मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएचा, गट दोघींचा एकच आला होता पण त्याला मी फार वजन दिलं नाही, तो गट हजारो लोकांचा असतो. वेगळा आला असता तर महत्त्वाचा ठरला असता, सारखा आला तर फक्त विरोध नाही इतकंच.

आता प्रश्न उरला की दोघींपैकी बाबांची मुलगी कोणती? किंवा कोणतीच नाही?

आत्याची टेस्ट

वडील नाहीत, त्यांचा जपून ठेवलेला नमुना नाही. त्यांच्या बाजूचं सगळ्यात जवळचं जिवंत माणूस म्हणजे आत्या. सख्खी आत्या भाचीशी सरासरी १,७४१ ने जुळते, आणि सख्खी आत्या शून्याने जुळणं शक्यच नाही. लांबच्या नात्यात असं होतं, सख्ख्या चुलत भावंडांच्या नातवंडांत कधी कधी एकही तुकडा सापडत नाही आणि तरी नातं खरं असतं. आत्याच्या बाबतीत तशी पळवाट नाही, म्हणूनच ही टेस्ट निर्णायक होती.

इथे मी अडून बसले. आत्याला "सगळे करतायत, तू पण कर, मजा येते" असं सांगून नळी हातात द्यायची मला अजिबात मान्य नव्हतं. लोक हे सर्रास करतात, वयस्कर माणसाची लाळ घेतात आणि त्याला माहीतच नसतं की आपल्या थुंकीतून घरातलं काय बाहेर येणार आहे. दोघी जाऊन आत्याला समोर बसवून सगळं बोलल्या, की आमच्या दोघींचे वडील एक नाहीत असं दिसतंय, तुझ्या टेस्टवरून आमच्यातली एक तुझ्या भावाची रक्ताची मुलगी नाही असं कळू शकतं, तू नाही म्हणालीस तरी आम्हाला चालेल. आत्या म्हणाली, "दोघींना मी कडेवर घेऊन फिरलेय, त्या मशीनला काय म्हणायचंय ते म्हणू दे." तिने एकच अट घातली, की आईला हे कळायच्या आधी बाकी नातेवाइकांत बोलायचं नाही.

रिझल्ट आला त्या दिवशी ठरल्याप्रमाणे दोघी एकत्र बसल्या. आत्या आणि धाकटी १,८०५. आत्या आणि थोरली शून्य.

म्हणजे इतके दिवस जी स्वतःला वेगळी समजत होती ती बाबांची, आणि जी फक्त बहिणीच्या हट्टासाठी थुंकली होती तिचे वडील दुसरे कुणीतरी. धाकटीला जो धक्का बसला तो मला आजही नीट सांगता येत नाही. तिला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी त्या हायसं वाटण्याची प्रचंड शरम वाटली, कारण समोर ताई बसली होती, आणि तिला या सगळ्यात ओढणारी आपणच. थोरलीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "माझं काय व्हायचंय ते होऊ दे, तू रडू नकोस."

शून्याने एक शक्यता आणखी बंद झाली. थोरलीचे वडील म्हणजे बाबांचाच एखादा भाऊ असता, तरी ती आत्याची भाचीच ठरली असती आणि आकडा तितकाच आला असता. तर तेही नाही. घरातल्या माणसांकडे संशयाने बघायचं कारण त्याच दिवशी संपलं हे थोरलीला फार मोलाचं वाटलं.

पण नमुन्यांची अदलाबदल?

एकाच टेबलावर, एकाच संध्याकाळी, दोन सारख्या नळ्या. लेबल इकडचं तिकडे झालं असेल तर सगळं उलटं, म्हणजे धाकटीच ती वेगळी. हा प्रश्न थोरलीने स्वतः काढला आणि रास्त होता. दोघींना मामेबहीण जवळजवळ सारखीच जुळत असल्याने तिच्यावरून हे तपासता येत नाही. मग थोरलीने दुसऱ्या एका कंपनीचं किट मागवून एकटीने भरून पाठवलं. तो रिझल्ट आला, फाइल जीईडीमॅचवर टाकली, आणि ती थोरलीच्या पहिल्या फाइलशी शंभर टक्के जुळली. अदलाबदल झालेली नव्हती.

एखाद्या माणसाला त्याचे वडील त्याचे रक्ताचे नाहीत असं सांगायच्या आधी दुसरा नमुना तपासायलाच हवा, लॅबवर विश्वास असो नसो. आणि हे दुसरं किट पुढे वेगळ्याच कारणाने महत्त्वाचं ठरलं.

आईचं सांगणं

आईकडे थोरली एकटीच गेली. धाकटीला बरोबर जायचं होतं, मी म्हटलं नको, आईला वाटेल दोघी मिळून जाब विचारायला आल्यात. थोरलीने आकडे, कागद काही नेलं नाही. तिने सांगितलं की टेस्टमध्ये असं आलंय की बाबा माझे रक्ताचे वडील नाहीत, मला तुझ्यावर राग नाहीये, तुला सांगायचं असेल तर सांग. आई आधी म्हणाली की टेस्ट चुकली असेल. मग दोन दिवसांनी तिनेच थोरलीला बोलावून घेतलं.

लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. दोष बाबांकडे निघाला. डॉक्टरांनी दात्याच्या वीर्याचा उपाय सुचवला आणि दोघांनी तो स्वीकारला. दाता कोण ते विचारायचं नाही, कुठे लिहायचं नाही, घरी जाऊन विसरून जायचं, मुलाला कधीही सांगायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आणखी एक केलं होतं, दात्याच्या नमुन्यात बाबांचाही नमुना मिसळला होता.

हे ऐकून थोरलीला वाटलं आई काहीतरी रचून सांगतेय. पण हे त्या काळात बऱ्याच ठिकाणी खरोखर केलं जायचं. कारण एकच, नवरा-बायकोला मनाशी म्हणता यावं की कदाचित आपलंच असेल. म्हणजे आईने चाळीसएक वर्षं मुलीशी खोटं बोललं असं म्हणणं बरोबर नाही, तिला स्वतःलाच नक्की माहीत नव्हतं, आणि माहीत होऊ नये अशी व्यवस्था करून ठेवलेली होती. चार वर्षांनी धाकटी कुठल्याही उपचाराशिवाय झाली. दोष म्हणजे शक्यता शून्य असं प्रत्येकाच्या बाबतीत नसतं, त्यामुळे असं होतं. पण धाकटी झाल्यावर आईबाबांची खात्रीच पटली की मग थोरली पण आपलीच असणार. बाबा तीच खात्री घेऊन गेले.

हे लपवणं या उपचाराच्या जन्मापासूनचं आहे. नोंद असलेलं पहिलं असं प्रकरण १८८४ मधलं, फिलाडेल्फियातल्या विल्यम पॅनकोस्ट या डॉक्टरांचं. त्यांनी क्लोरोफॉर्मने बेशुद्ध केलेल्या बाईवर एका मेडिकल विद्यार्थ्याच्या वीर्याने हा प्रयोग केला, नवऱ्याला नंतर सांगितलं, बाईला कधीच नाही. ते छापून आलं १९०९ मध्ये, पॅनकोस्ट वारल्यानंतर. पुढे कित्येक दशकं दाते म्हणजे बहुतेक जवळपासचे मेडिकल विद्यार्थीच असायचे आणि नोंदी ठेवल्या जात नव्हत्या किंवा नष्ट केल्या जायच्या. मुलांना दाता जाणून घ्यायचा हक्क आहे असं कायद्याने म्हणणारा पहिला देश स्वीडन, १९८५ मध्ये. ब्रिटनने १ एप्रिल २००५ पासून निनावी दान बंद केलं. त्याआधीच्या दानातून जन्मलेल्यांना त्या कायद्याने दात्याचं नाव कळायचा हक्क मिळत नाही, पण एका थुंकीने निनावीपणा तसाही संपलेला आहे, दात्याने स्वतः कधी टेस्ट केली नसली तरी त्याच्या पुतण्याने केली की पुरे.

दुसऱ्या किटमधून आलेला भाऊ

थोरलीचं दुसरं किट अदलाबदल तपासायला म्हणून गेलं होतं, पण त्यामुळे ती दुसऱ्या कंपनीच्या डेटाबेसमध्ये आली, आणि तिथे एक अनोळखी माणूस १,६९० ने जुळला. वयाने तिच्याहून दोन वर्षांनी लहान. १,६९० म्हणजे पुन्हा तोच पट्टा, एकच पालक सामाईक असलेला भाऊ, काका, भाचा, आजोबा काहीही असू शकतं, पण वय बघता आजोबा-नात नाही. त्याच्या आणि थोरलीच्या सामाईक मॅचमध्ये आईकडचं एकही माणूस नव्हतं, म्हणजे तो वडिलांच्या बाजूचा.

मेसेज कसा लिहायचा यावर आम्ही बराच खल केला. "आपले वडील एकच आहेत" असं पहिल्याच ओळीत लिहिणं मला क्रूर वाटतं, समोरच्याला काही माहीत नसेल तर आपण त्याच्या घरात जाऊन बॉम्ब टाकतो. थोरलीने इतकंच लिहिलं की आपण बऱ्यापैकी जवळचे जुळतोय, मला माझ्या एका बाजूची माहिती नव्याने कळतेय, तुम्हाला बोलायला आवडेल का, नाही म्हणालात तरी हरकत नाही. त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. त्याला लहानपणापासून माहीत होतं की तो दात्यापासून झालाय, आईने शाळेत जायच्या वयातच सांगितलं होतं, आणि त्याला आणखी एक बहीण आधीच सापडलेली होती. त्यामुळे त्याच्यासाठी ही बातमी आनंदाची होती. थोरली म्हणते की त्याच्याशी बोलताना पहिल्यांदा तिला वाटलं की यात लाज वाटण्यासारखं काही नाहीये.

दात्याचं नाव काढता आलं असतं असं माझं मत आहे. मॅचच्या यादीतल्या लोकांना ते एकमेकांशी कसे जुळतात त्यावरून रंग देऊन गट पाडायची एक पद्धत आहे, डेना लीड्स यांनी २०१८ मध्ये मांडलेली, त्याने आजी-आजोबांच्या चार बाजू वेगळ्या होतात. मामेबहिणीमुळे आईचे दोन गट लगेच बाजूला झाले, उरले दात्याचे दोन, आणि त्यात २०० सेंटिमॉर्गनच्या वरचे तीन लोक होते. तिथून झाडं बांधत गेलं की माणूस सापडतो. त्या भावाकडे वाय क्रोमोसोम पण आहे, जो वडिलांकडून फक्त मुलग्याला जातो आणि थोरलीकडे नाही, त्यामुळे दात्याच्या वडिलांकडची सरळ पुरुषांची ओळ त्याच्या टेस्टने शोधता येते. थोरली म्हणाली आत्ता नको. मी तिथे थांबले, गट पाडलेला कागद तिला दिला आणि माझ्याकडची प्रत ठेवली नाही.

नावापेक्षा तिला तातडीने हवी होती ती वैद्यकीय माहिती. वर्षानुवर्षं ती प्रत्येक डॉक्टरला वडिलांचा हृदयविकार सांगत आलेली, त्यावरून तपासण्या होत आलेल्या. आता ती माहिती तिला लागूच नाही, आणि जी लागू आहे ती माहीत नाही. तिने आपल्या डॉक्टरकडे जाऊन वडिलांची बाजू "अज्ञात" अशी करून घेतली. काही जणांना वाटतं की घरच्या टेस्टच्या हेल्थ रिपोर्टने ही पोकळी भरेल. नाही भरत. उदाहरण द्यायचं तर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, ट्वेंटीथ्री-अँड-मी या घरच्या डीएनए टेस्टच्या कंपनीला स्तनाच्या कॅन्सरशी संबंधित बीआरसीए जनुकांच्या रिपोर्टची परवानगी दिली ती फक्त तीन बदलांसाठी, जे मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या घराण्यांच्या, ज्यू लोकांत आढळतात. त्या जनुकांत धोकादायक बदल हजाराच्या वर माहीत आहेत. रिपोर्टवर "आढळलं नाही" आलं म्हणून निश्चिंत होणं धोक्याचं आहे, खरी गरज असेल तर डॉक्टरमार्फत क्लिनिकल टेस्टच करावी लागते. भावाने आणि त्या दुसऱ्या बहिणीने आपापल्या तब्येतीची माहिती मोकळेपणाने दिली, तिचा उपयोग कुठल्याही हेल्थ रिपोर्टपेक्षा जास्त झाला.

आता कुठे आहे हे सगळं

आत्याने रिझल्ट बघून आपला डेटा डिलीट करून टाकायला सांगितलं आणि आम्ही तो केला, लॅबमधला नमुनाही नष्ट करायची विनंती टाकली. तिचं म्हणणं, काम झालं, आता कशाला ठेवायचं. मला ते पटलं. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मीची सुमारे १४,००० खाती, लोकांनी दुसरीकडे वापरलेले पासवर्ड परत वापरल्यामुळे, फोडली गेली, आणि नातेवाईक दाखवणाऱ्या सोयीमुळे त्यातून जवळपास ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्याचा उपयोग संपलाय तो डेटा कुठल्याच कंपनीकडे पडून राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. थोरलीने मात्र आपलं खातं चालू ठेवलंय, पासवर्ड वेगळा आणि दोन टप्प्यांचं लॉगिन लावून, कारण तिला अजून भावंडं सापडू शकतात.

धाकटीने घराण्याच्या झाडात ताईला होती तिथेच ठेवलंय, बाबांच्या खाली. थोरलीने आपल्या झाडात बाबा वडील म्हणून ठेवलेत आणि बाजूला दुसरी रेघ काढलीय, तिच्या टोकाला नाव नाही. आई आणि धाकटीमध्ये काही दिवस ताण होता, आईला वाटत होतं की ही टेस्ट केलीच नसती तर बरं झालं असतं, आणि ती अजून तसंच म्हणते. थोरलीचं मत तसं नाही.

परवा त्या डेटाबेसमध्ये आणखी एक बाई आली, थोरलीशी १,७१५, भावाशी १,८२०. तिने प्रोफाइलमध्ये लिहिलंय की आजोबांच्या गावाचा शोध घेतेय, म्हणजे उघड आहे की तिला दात्याबद्दल माहीत नाहीये. भावाचं म्हणणं की तिला लगेच सांगावं, माहीत नसणं हेच नुकसान आहे, उद्या तिच्या तब्येतीचा प्रश्न आला तर? थोरली म्हणते तिने आपणहून विचारेपर्यंत थांबायचं, पण विचारलं तर एक अक्षरही लपवायचं नाही आणि लगेच उत्तर द्यायचं. माझं मत थोरलीच्या बाजूने आहे, फक्त मी एक सुचवलंय की दोघांनी आपापल्या प्रोफाइलमध्ये "दात्यापासून जन्म" हे स्पष्ट लिहून ठेवावं, म्हणजे तिने यादी उघडून त्यांच्या नावावर क्लिक केलं तर तिला वाचता येईल आणि पुढे विचारायचं की नाही हे तिचं ती ठरवेल. भावाने ते लिहिलंय. थोरलीने आईला विचारून मग लिहायचं ठरवलंय.